प्लास्टिक, भंगार आणि संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून-जुलैत प्रकल्पांचे विषय ठरायला लागले की माझा फोन वाजू लागतो. इंजिनिअरिंगची मुलं, बी.एड. करणाऱ्या मुली, शाळेतल्या विज्ञानाच्या बाई, मधूनच एखाद्या सोसायटीचे सेक्रेटरी. प्रश्न फिरून फिरून तेच. मी पुण्यात पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थांचं विज्ञान, शिकवतो, त्यामुळे उत्तरंही बरीचशी तीच असतात. ती एकदाची लिहून काढली आहेत. क्रम सुचेल तसा आहे.

पदार्थविज्ञान, शिक्षणशास्त्र आणि रिसायकलिंग यांचा एकमेकांशी संबंध काय? आमचे सर म्हणतात, एकच विभाग धरा.

सरांचं परीक्षेपुरतं बरोबर आहे, पण विषय विभाग बघून वागत नाही. पुण्याचंच उदाहरण घ्या. १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातल्या प्राध्यापिका कचरा वेचणाऱ्या बायका आणि मुलांना अक्षरओळख करून द्यायला निघाल्या. पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण ही त्यातली ठळक नावं. वस्तीवर गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की या बायकांना अक्षरांच्याही आधी ओला आणि सुका कचरा वेगळा मिळायला हवा. कुंडीत हात घालून काढलेला, खरकट्याने माखलेला माल कमी भावाने जातो. घरातूनच वेगळा मिळालेला माल स्वच्छ असतो आणि वेळही वाचतो. मग ओळखपत्रं आली, घराघरांतून वेगळा कचरा मागणं सुरू झालं, आणि १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्याच मुळातून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला.

म्हणजे सुरुवात शिक्षणाच्या कामाने झाली, गाठ पदार्थाच्या शुद्धतेशी पडली आणि त्यातून संघटना उभी राहिली. मी या कामात नव्हतो, पण माझ्या विषयाकडे बघण्याची माझी नजर तिथून आली. प्लास्टिकचं पुढे काय होणार हे निवडतानाच ठरतं, यंत्राचा नंबर बऱ्याच नंतर लागतो. खालची बहुतेक उत्तरं याच मुद्द्यावर येऊन टेकतील, कंटाळू नका.

बाटलीच्या बुडाला त्रिकोणात आकडा असतो. म्हणजे ती रिसायकल होते, हेच ना?

नाही. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने हे आकडे काढले ते वस्तू कोणत्या प्लास्टिकची आहे एवढं सांगण्यासाठी. १ म्हणजे पेट (पाण्याच्या बाटलीचं), २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई (२ आणि ४ ही दोन्ही पॉलिथिनचीच रूपं), ५ पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन आणि ७ म्हणजे उरलेलं सगळं. भोवतीचे बाण रिसायकलिंगच्या खुणेसारखे दिसत असल्यामुळे लोकांनी, आणि काही कंपन्यांनीही सोयीने, भलताच अर्थ लावला. हा गोंधळ इतका वाढला की २०१३ मध्ये मानकातले बाण काढून तिथे साधा भरीव त्रिकोण आला. जुने साचे मात्र अजून चालू आहेत, त्यामुळे बाण दिसत राहतील.

सातव्या क्रमांकाचं तर काही विचारू नका. 'इतर' या एका शब्दात काय काय कोंबलं असेल ते करणाऱ्यालाच ठाऊक.

शाळेत प्लास्टिक ओळखण्याचा प्रयोग करता येईल का? जाळून वास घेतात असं ऐकलंय.

जाळू नका. भंगारात काम करणारे लोक तुकडा पेटवून वासावरून ओळखतात हे खरं. पॉलिथिनला विझलेल्या मेणबत्तीसारखा वास येतो, पॉलिस्टायरीन काजळी सोडत जळतं, पीव्हीसीचा वास नाकाला झोंबतो. झोंबतो याचं कारण, तो हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू असतो. वर्गात हे नको.

त्यापेक्षा पाण्याचं पातेलं घ्या. पाण्याची एक बाटली घ्या आणि तिचं झाकण, गळ्याचं कडं, लेबल आणि बाटलीचा तुकडा वेगळे करा. नखाएवढे तुकडे कापून पाण्यात टाका. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब हवाच, नाहीतर तुकड्यांना चिकटलेले हवेचे बुडबुडे बुडणाऱ्यालाही तरंगवतात आणि मुलं चुकीची नोंद करतात. हा थेंब विसरल्यामुळे माझा एक अख्खा तास फुकट गेला आहे.

झाकण आणि कडं तरंगतील. ते एचडीपीई किंवा पीपीचं असतं आणि या दोघांची घनता पाण्याहून कमी, ०.९० ते ०.९७ च्या दरम्यान. बाटलीचा तुकडा तळाशी जाईल, कारण पेटची घनता साधारण १.३८. लेबल बहुधा तरंगेल, पण बुडालं तर तिथे थांबा आणि मुलांना विचारा. बुडालेलं लेबल पीव्हीसीचं असू शकतं, आणि त्याची गोष्ट पुढच्या उत्तरात आहे.

आता जुन्या सीडीच्या कडक पारदर्शक डबीचा तुकडा टाका. ते पॉलिस्टायरीन, घनता १.०५, साध्या पाण्यात बुडेल. मग लिटरभर पाण्यात सव्वाशे ग्रॅम मीठ विरघळवा. पॉलिस्टायरीन हळूच वर येतं आणि पेट खालीच राहतं. तो तुकडा वर येताना वर्गात जो आवाज होतो, त्यासाठी तरी हा प्रयोग करा. थर्माकोलही पॉलिस्टायरीनच असतं, पण त्यात हवा भरलेली असल्यामुळे ते या प्रयोगात चालत नाही. एखादं चौकस मूल हे विचारेलच.

एचडीपीई आणि पीपी मात्र पाण्याने वेगळे होत नाहीत, दोन्ही तरंगतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाण्यात अल्कोहोल मिसळून घनता ०.९३ च्या आसपास आणली की पीपी वर आणि एचडीपीई खाली. कारखान्यातल्या धुलाईच्या टाक्या याच तत्त्वावर चालतात. फक्त पातेलं मोठं असतं.

एकदा वितळवून पुन्हा साच्यात घातलं की तेच प्लास्टिक परत मिळतं, मग अडचण कुठे आहे?

तेच परत मिळत नाही. प्लास्टिक म्हणजे लांब साखळ्यांचा गुंता. तापवताना आणि दाबताना या साखळ्यांवर ताण येतो, ऑक्सिजन शिरतो, ओल असेल तर पाणी घुसतं. पीपीच्या साखळ्या तुटत जातात. पॉलिथिनच्या काही तुटतात, काही एकमेकींना आडव्या जोडल्या जातात. हे डोळ्यांना दिसत नाही, पण मोजता येतं. प्रयोगशाळेत मेल्ट फ्लो इंडेक्सचं यंत्र असतं. तो शेवेचा सोऱ्याच समजा. खाली ठरलेल्या मापाचं भोक, वर ठरलेलं वजन. पीपी असेल तर २३० अंश सेल्सिअसला तापवायचं, २.१६ किलोचं वजन ठेवायचं आणि दहा मिनिटांत किती ग्रॅम शेव पडते ते तोलायचं. तोच पीपी चार-पाच वेळा यंत्रातून काढला की शेव भराभरा पडू लागते. साखळ्या आखूड झाल्याची ती खूण. अशा मालाची बादली पहिल्यासारखी लवत नाही, आपटली की तडकते.

पेटचं दुखणं वेगळं. ते साधारण २५० अंशांच्या वर वितळतं आणि त्या तापमानाला ओलीचा अंशही साखळ्या तोडतो. म्हणून वितळवण्याआधी चुरा इतका वाळवावा लागतो की दहा लाख भागांत पाण्याचे पन्नास भागही उरू नयेत. बाटलीसाठी लांब साखळ्या लागतात, कापडाच्या धाग्यासाठी त्याहून आखूड चालतात. त्यामुळे जुन्या बाटल्यांचा पुष्कळसा माल धाग्याकडे वळतो आणि बाटलीचा टी-शर्ट होतो. टी-शर्टची पुन्हा बाटली क्वचितच होते. कापडात रंग असतो, सूत मिसळलेलं असतं, शिवणीचा दोरा निराळा असतो.

आणि पीव्हीसी. घनता जवळजवळ पेटएवढीच, म्हणजे पाण्याच्या टाकीत दोघं गळ्यात गळा घालून तळाशी बसणार. पेट वितळतं त्या तापमानाला पीव्हीसी टिकत नाही. ते आम्ल सोडतं आणि ते आम्ल पेटच्या साखळ्या कापत सुटतं. आमच्याकडे एकदा विद्यार्थ्यांनी शंभरेक बाटल्या स्वतः जमवल्या, धुतल्या, कापल्या. काहींवर तापवून आवळून बसवलेलं वेष्टन होतं, ते सोलायचा कंटाळा केला. घाणा बाहेर आला तो चहाच्या रंगाचा, काळ्या ठिपक्यांसकट. वाकवला की कटकन मोडायचा. दोन आठवड्यांचं काम होतं ते. त्यातला एक तुकडा मी टेबलावर ठेवला आहे आणि नव्या बॅचला आधी तो हातात देतो.

'प्लास्टिक खाणारे जीवाणू' सापडले ना? मग काळजी कसली?

सापडले, आणि शोध सुंदर आहे. जपानमधल्या साकाई शहरात बाटल्यांच्या रिसायकलिंग केंद्राजवळच्या नमुन्यांतून एक जीवाणू वेगळा काढला, त्याचं नाव इडिओनेला साकाइएन्सिस. २०१६ मध्ये 'सायन्स'मध्ये निबंध आला. हा जीवाणू पेटवर जगतो आणि ते तोडणारं एन्झाइम तयार करतो.

बातमीत न आलेला भाग असा. संशोधकांनी जीवाणूला दिलेली पेटची पातळ फिल्म जवळजवळ पूर्णपणे अस्फटिक होती, म्हणजे साखळ्या मोकळ्या, ढिल्या पसरलेल्या. ३० अंश तापमानाला ती संपायला सुमारे सहा आठवडे लागले. बाजारातल्या बाटलीत साखळ्यांचा बराच भाग ताणून रांगेत बसवलेला असतो आणि एन्झाइमला तिथे शिरायला फट मिळत नाही. पुढे २०२० मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी पालापाचोळ्याच्या कंपोस्टमधून आलेलं दुसरं एक एन्झाइम सुधारलं. त्याने ७२ अंशांना दहा तासांत ९० टक्के पेट मूळ घटकांत मोडून दाखवलं. ही झेप मोठी आहे, पण त्यासाठी पेट आधी वितळवून अस्फटिक करावं लागलं आणि बारीक दळावं लागलं.

म्हणजे एन्झाइमलाही निवडलेला, धुतलेला, दळलेला मालच हवा. शिवाय हे सगळं पेटचं झालं. पिशव्यांचं पॉलिथिन रासायनिक दृष्ट्या अगदी वेगळं आहे, त्यात एन्झाइमला पकडायला तसा जोडच नाही. गटारात जीवाणू सोडले आणि पिशव्या गायब झाल्या, असं काही होणार नाही.

प्लास्टिकचे रस्ते ही भारतीय कल्पना आहे ना? ती चालते का?

मदुराईच्या त्यागराजर कॉलेजमधले रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांची. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची युक्ती साधी आहे. प्लास्टिक डांबरात न ढवळता ते आधी तापलेल्या खडीवर टाकायचं. साधारण १७० अंशांच्या खडीवर पिशव्यांचा चुरा वितळून पातळ लेप बसतो आणि त्यावर डांबर घट्ट धरतं. पाणी खडी आणि डांबर यांच्यामध्ये शिरूनच आपल्याकडचे रस्ते उखडतात, त्यामुळे हा लेप नेमका कामाचा. २०१३ मध्ये भारतीय रस्ते परिषदेने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात प्लास्टिकचं प्रमाण डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के आहे. पीव्हीसी इथेही वर्ज्य.

पद्धत चालते असं माझं मत. तिला रिसायकलिंग म्हणायला मात्र माझी जीभ रेटत नाही, कारण रस्त्यात गेलेलं प्लास्टिक परत येत नाही. ज्या पिशव्यांना भंगारात कोणी विचारत नाही त्यांच्यासाठी ही सोय ठीक आहे. चांगल्या स्वच्छ पेट बाटल्या रस्त्यात घालणं म्हणजे बासमतीचं पिठलं.

जगात नेमकं किती प्लास्टिक रिसायकल होतं?

सगळीकडे फिरणारा ९ टक्क्यांचा आकडा गायर, जॅम्बेक आणि लॉ यांच्या २०१७ च्या अभ्यासातला आहे. त्यांच्या हिशेबाने २०१५ पर्यंत जगात ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झालं आणि ६३० कोटी टनांचा कचरा झाला. त्यातलं ९ टक्के रिसायकल झालं, १२ टक्के जाळलं आणि ७९ टक्के डेपोत किंवा उघड्यावर पडलं. रिसायकल झालेल्यापैकीही जेमतेम दहावा हिस्सा एकापेक्षा जास्त वेळा त्या फेऱ्यातून गेला.

टक्केवारी वाचताना खालचा छेद कोणता ते आधी बघा. एकूण उत्पादनातलं, एकूण कचऱ्यातलं, की गोळा झालेल्या कचऱ्यातलं? तिन्ही उत्तरं खरी असतात आणि तिन्ही वेगळी. प्रकल्पाच्या पहिल्या पानावर असा आकडा छेदाशिवाय दिसला की मी वही परत करतो.

पिशवीच्या जाडीवर एवढे नियम कशाला? पातळ पिशवीत प्लास्टिक कमीच लागतं की.

पातळ पिशवी कोणी उचलत नाही म्हणून. हिशेब करून बघा. ३० बाय ४० सेंटिमीटरची पिशवी २० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असेल तर तिचं वजन साडेचार ग्रॅमच्या आत. किलो भरायला सव्वादोनशे पिशव्या वाकून उचलाव्या लागतील, आणि भाव किलोचा. तीच पिशवी १२० मायक्रॉनची असेल तर अडतीसएक पिशव्यांत किलो भरतो. शिवाय जाड पिशवी दुकानदार फुकट देत नाही. देशात ही मर्यादा ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. महाराष्ट्राने त्याआधीच, मार्च २०१८ मध्ये, अधिसूचना काढून पिशव्यांवर बंदी घातली होती आणि त्या वर्षी २३ जूनपासून दंड सुरू झाला. त्या आठवड्यात भाजीवाल्या मावशींनी वर्तमानपत्राच्या पुड्या बांधायला घेतल्या होत्या, ते अनेकांना आठवत असेल. त्या किती दिवस टिकल्या, तेही आठवत असेल.

कापडी पिशवी प्लास्टिकपेक्षा वाईट असं एका परदेशी अभ्यासात म्हटलंय. खरं आहे?

डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा २०१८ चा अहवाल. एका प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायला सुती पिशवी हवामानाच्या दृष्टीने ५२ वेळा, आणि सगळ्या निकषांवर मिळून ७१०० वेळा वापरावी लागते, असं त्यात आहे. आकडे खरे आहेत. पण त्यांनी धरलेली डॅनिश पिशवी शेवटी घरातल्या कचऱ्याच्या डब्यात लागते आणि तिथून भट्टीत जाते. ती नाल्यात जात नाही, गाईच्या पोटात जात नाही. उघड्यावर पडण्याचा परिणाम त्या हिशेबात धरलेलाच नाही, कारण तिथे तो नगण्य आहे. मुंबईत तो नगण्य नाही, हे पावसाळ्यात कुठल्याही नाल्याच्या तोंडाशी उभं राहिल्यावर कळतं.

माझ्या आईची पिशवी जुन्या चादरीची होती. तिच्यासाठी नवा कापूस पिकवावा लागला नव्हता, आणि वस्तू बनण्यापासून टाकेपर्यंतच्या, म्हणजे जीवनचक्राच्या, हिशेबात हा फरक फार मोठा असतो. नवी छापील पिशवी प्रत्येक कार्यक्रमात वाटणाऱ्यांनी मात्र तो अहवाल जरूर वाचावा.

शाळेत शिकवून खरंच फरक पडतो का? बी.एड.साठी हा विषय घ्यायचा आहे.

हा माझा प्रांत नाही, पण परीक्षक म्हणून इतके प्रबंध वाचलेत की बोलायची हौस आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरणाचं शिक्षण सगळ्या पातळ्यांवर द्यायला सांगितलं, म्हणून आज प्रत्येक पदवीला तो विषय असतो. मुलांना माहिती आहे. पृथ्वी वाचवा, तीन आर, सगळं तोंडपाठ. तरी गॅदरिंग संपल्यावर मैदान बघा. हे कोडं जगभर अभ्यासलं गेलं आहे. २००२ मध्ये कोलमुस आणि अ‍ॅग्यमन यांनी आधीच्या बऱ्याच संशोधनाचा आढावा घेऊन दाखवलं की माहिती वाढली म्हणजे दृष्टिकोन बदलतो आणि दृष्टिकोन बदलला म्हणजे वागणूक बदलते, ही सरळ रेघ प्रत्यक्षात सापडत नाही. मध्ये सवय असते, सोय असते, घरच्यांचं वागणं असतं. आणि डबा जवळ आहे की नाही हेही असतं.

आता नेहमीचा प्रबंध कसा असतो? आधी एक प्रश्नावली, मग चार तासिकांचा कार्यक्रम, मग तीच प्रश्नावली. गुण वाढतात, 'कार्यक्रम परिणामकारक ठरला' असा निष्कर्ष येतो. चार तासिका शिकवल्यावर त्याच प्रश्नांचे गुण वाढले नाहीत तर काळजी वाटायला हवी! यातून मुलांना काय आठवतं एवढंच कळतं. 'तुम्ही कचरा वेगळा करता का?' या प्रश्नाला बाईंच्या देखत कोण 'नाही' म्हणेल?

त्यापेक्षा काटा घ्या. वर्गातला ओल्याचा आणि सुक्याचा डबा रोज तोला. सुक्याच्या डब्यात किती ग्रॅम ओलं आलं ते लिहा. कार्यक्रमाच्या आधी दोन आठवडे तोला, नंतर दोन आठवडे तोला, आणि मुख्य म्हणजे तीन महिन्यांनी कोणालाही न सांगता पुन्हा तोला. शेजारची दुसरी तुकडी कार्यक्रमाशिवाय ठेवा आणि तिचेही डबे तोला. कोणी बघतंय म्हटल्यावर माणसं नीट वागतात, याला संशोधनात हॉथॉर्न परिणाम म्हणतात. दुसऱ्या तुकडीमुळे तो थोडाफार वेगळा काढता येतो. काम घाणेरडं आहे, हातमोजे लागतात, आणि शिपाईमामांना आधी विश्वासात घ्यावं लागतं. नाहीतर तुम्ही तोलायच्या आधी डबा रिकामा झालेला असतो.

शिकवायचं काय, यासाठी अरविंद गुप्तांचं काम बघा. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी उभी केली. सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि काड्यापेटीतल्या काड्या यांतून भूमिती शिकवणारा हा माणूस कचऱ्यावर भाषण क्वचितच देतो. मूल वस्तू हातात घेतं, तोडतं, पुन्हा जोडतं. वस्तू कशाची बनली आहे हा प्रश्न त्याला तिथे आपोआप पडतो.

'टाकाऊ प्लास्टिकपासून विटा' हा प्रकल्प घेऊ का?

नका घेऊ. दरवर्षी किमान तीन गट घेतात. सगळ्यांची वीट दाबाला टिकते, सगळ्यांचा खर्च कमी येतो, आणि वीट कोणी बांधकामात वापरत नाही. आगीत तिचं काय होईल, उन्हात दहा वर्षांनी काय होईल, हे कोणीच तपासत नाही. शिवाय 'मिश्र प्लास्टिक वापरलं' असं लिहितात, म्हणजे पुढच्या माणसाला तीच वीट पुन्हा करता येणार नाही.

लहान विषय घ्या. एकाच डेअरीच्या दुधाच्या पिशव्या एका सोसायटीतून महिनाभर जमवा. अर्ध्या नुसत्या गार पाण्याने विसळलेल्या, अर्ध्या गरम पाण्याने आणि साबणाने धुतलेल्या. दोन्ही वितळवून त्यांचा दाणा पाडा, ताण देऊन तोडून बघा, मेल्ट फ्लो काढा. निदान पाच-पाच तुकडे तोडा आणि सरासरीबरोबर फरकही लिहा. एक तुकडा तोडून आलेला आकडा म्हणजे योगायोग. निष्कर्ष जर 'गार पाणी पुरतं' असा आला तर प्रत्येक घराला त्याचा उपयोग आहे, आणि 'पुरत नाही' असा आला तरी आहेच.

शोधनिबंध कुठून वाचायचे? आणि कोणत्या नियतकालिकावर विश्वास ठेवायचा?

सरकारी संस्थेत असाल तर जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेतून तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं खुली झाली आहेत. ग्रंथपालांना विचारा, त्यांना विचारणारा कोणी येतच नाही. भारतीय प्रबंध 'शोधगंगा'वर मिळतात. आपला विषय आधी कितीदा होऊन गेलाय हे तिथे अर्ध्या तासात कळतं. तेवढी मनाची तयारी ठेवा.

विश्वासाचं म्हणाल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये एक तपासणी छापली होती. विद्यापीठांनी शिफारस केलेली १००९ नियतकालिकं त्यांनी पाहिली आणि ८८ टक्के निकृष्ट निघाली. पैसे भरा, तीन दिवसांत निबंध छापून येईल, अशी ईमेल आली तर ती तुमच्या हुशारीमुळे आलेली नसते.

कचरावेचक बायकांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. काय काळजी घ्यावी?

सकाळी जाऊ नका, ती कामाची वेळ आहे. संघटनेमार्फत जा. फॉर्म वाचून दाखवा आणि अंगठा घेण्यापूर्वी 'नाही म्हटलंत तरी चालेल' हे दोनदा सांगा. तासभर बसवलंत तर तासाची मजुरी द्या. फोटो विचारून काढा, आणि आधी चेहरा टाळूनच बघा.

आणि त्यांच्याकडून शिकायला जा. एसएनडीटीच्या गटाने २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी पुण्यातल्या भंगार व्यवसायाचा अभ्यास केला, त्यात या बायकांच्या कामामुळे महापालिकेचा किती खर्च वाचतो हेही मांडलं होतं. पुढे महापालिकेने त्यांचा वैद्यकीय विमा उतरवला. आपला प्रबंध कपाटात पडून राहणार असेल तर निदान मराठीत एक पान लिहून त्यांना वाचून दाखवा.

मी एकदा एका मावशींना माझं घनतेचं कोष्टक मोठ्या उत्साहाने समजावत होतो. त्यांनी ऐकून घेतलं, मग समोरच्या ढिगातली एक बाटली उचलली, अंगठ्याने दाबली, कानाशी नेऊन टिचकी मारली आणि उजवीकडच्या पोत्यात टाकली. दुसरी तशीच, पण डावीकडे. मला दोन्ही सारख्याच दिसल्या. नंतर प्रयोगशाळेत तपासल्या तर डावीकडची पीव्हीसी होती.

मुलांना भंगारच्या दुकानात सहलीला नेता येईल का?

जरूर न्या. पंधरापेक्षा जास्त मुलं नकोत, पायात बूट हवेत, आणि पत्रे कापायची जागा लांबून दाखवा. दुपारी दोन ते चार ही वेळ बरी, सकाळी आणि संध्याकाळी गाड्या लागतात. काट्याजवळ थांबा. प्रत्येक मुलाला एका पोत्याचं वजन अंदाजाने सांगू द्या आणि मग तोलू द्या, रिकाम्या बाटल्यांच्या पोत्याला सगळे फसतात. भाव कोण ठरवतं, पारदर्शक बाटलीला रंगीत बाटलीपेक्षा जास्त भाव का, हे मुलांनीच दुकानदाराला विचारावं.

आणि जाताना शाळेतली रद्दी बरोबर न्या. रिकाम्या हाताने गेलात तर त्याचा धंद्याचा तास फुकट जातो, आणि पुढच्या वर्षी तो तुम्हाला उभं करत नाही.